शहाण्णव मागण्या

“एकतीस,” जास्मिन म्हणाली आणि तिने कागदावर फुली मारली.

काळ्या पडद्यावर पांढरा कर्सर नुसता लुकलुकत होता. मशीन सुरू व्हायला बावीस सेकंद लागायचे. चाळीस झाले तरी पडद्यावर अक्षर उमटेना, म्हणजे याही वेळी अडकलं होतं.

“फुल्या किती झाल्या?” आमच्या वरिष्ठांनी, हळबे सरांनी, विचारलं.

“एकतिसांत सात.”

“म्हणजे चार-पाचदा सुरू केलं की एकदा झोपणार. आणि शुक्रवारी हे धूड गिऱ्हाइकाकडे जायचंय.” सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “बंद करून परत लाव.”

जास्मिन तांबोळी आमच्याकडे चाचणीचं काम बघायची. तिने बटण दाबलं, पंखे कोकलायला लागले आणि बत्तिसाव्या वेळी मशीन मुकाट्याने सुरू झालं. मधल्या वेळात आम्ही त्याला बोटही लावलेलं नव्हतं. मला त्या मशीनला लाथ घालावीशी वाटली आणि तसं मी बोलून दाखवलं.

“घाल,” जास्मिन म्हणाली. “तेवढा एकच उपाय राहिलाय.”

याला आता चौदा वर्षं झाली. कर्वेनगरातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. मोठे संगणक आमच्याकडे रिकामे यायचे. त्यांच्यात ऑपरेटिंग सिस्टीम घालून, तिचा गाभा म्हणजे कर्नल गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे बेतून आम्ही ते पुढे पाठवायचो. हे मशीन हवामानाची गणितं करणाऱ्या एका संस्थेला जायचं होतं. उंचीला माझ्या खांद्यापर्यंत, पोटात शहाण्णव प्रोसेसर. आवाज असा की शेजारच्या खोलीतल्या माणसाला फोनवर ओरडून बोलावं लागे. मी बत्तीस वर्षांचा होतो आणि कर्नलमधलं मला सगळं कळतं असा माझा समज होता.

खिडकीपाशी खरात मॅडम उभ्या होत्या. सुलभा खरात, वय त्रेचाळीस, नोकरीतला सर्वांत नवा माणूस. लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं त्यांनी उत्तम काम केलेलं होतं. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्यांचं करण्यात नऊ वर्षं गेली. सासूबाई गेल्यावर त्या पुन्हा नोकरी शोधायला निघाल्या, तर मधली नऊ वर्षं बघून प्रत्येकजण हात झटकत होता. आमच्याकडे त्यांना सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर नमस्कार. इथून नमस्कार झाला असता तर आधी नऊ वर्षांचं भगदाड आणि वर नापास झालेलं प्रोबेशन, असा कागद घेऊन त्यांना पुढे कुणी दारात उभं केलं नसतं. हे त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

त्यांचे सहा महिनेही त्याच शुक्रवारी भरत होते.

आणि आमच्याकडे एक रीत होती. चालती गोष्ट बंद पडली की शेवटचा बदल कुणी केला ते बघायचं आणि त्याच्या डोक्यावर खापर फोडून मोकळं व्हायचं. बरेचदा ते खरंही निघे, म्हणून रीत टिकली होती. कर्नलमधला शेवटचा बदल खरात मॅडमचा होता.

दुपारी सबनीस मॅडमनी आम्हा चौघांना केबिनमध्ये बोलावलं. त्या कंपनीच्या मालकीण. कोड त्यांनी आयुष्यात वाचला नव्हता, पण माणसं वाचता येतात असं त्या म्हणत.

“काय बदल केला होता?” त्यांनी विचारलं.

“कोडमधला जुना पसारा आवरायचं काम सरांनी दिलं होतं,” खरात मॅडम म्हणाल्या. “मॉड्यूल आत घेणाऱ्या भागात तीन ओळी होत्या, त्या काढल्या.”

“मॉड्यूल म्हणजे?”

“कर्नलला लागेल तेव्हा जोडायचे तुकडे असतात. डिस्क चालवणारा एक, नेटवर्क चालवणारा एक, असे. त्या तीन ओळी नुसत्या छापण्यापुरत्या होत्या. अमुक मॉड्यूल मागितलं, अमुक आलं, एवढं लिहायच्या. बाकी काही करत नव्हत्या.”

“त्या कुणाला विचारून काढल्या?”

“परागना विचारलं होतं.”

सगळे माझ्याकडे वळले.

“विचारलं असेल,” मी म्हणालो. “मला नक्की आठवत नाही.”

मला नक्की आठवत होतं. तीन आठवड्यांपूर्वी मी चहा घेत उभा असताना त्या कोडचा कागद घेऊन आल्या होत्या. तीन ओळींना पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. “या लागतात का हो?” असं त्यांनी विचारलं आणि कागदाकडे न बघता मी “काढून टाका” म्हटलं. आमच्याकडे परवानग्या अशाच दिल्या जायच्या, कपातला चहा संपेपर्यंत. लिहून काहीच ठेवलं जात नसे.

खरात मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. हुज्जत घातली नाही.

“त्या ओळी परत घाला,” सबनीस मॅडम म्हणाल्या. “मशीन वेळेवर जाऊ दे. बाकीचं शुक्रवारी बघू.”

बाकीचं म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही.

मंगळवारी सकाळी आम्ही ओळी परत घातल्या आणि जास्मिनने मशीन चाळीस वेळा सुरू केलं. चाळीसपैकी चाळीस वेळा ते बावीस सेकंदांच्या आसपास उठून उभं राहिलं. हळबे सरांचा चेहरा खुलला.

“संपला विषय,” ते म्हणाले. “पराग, तुझ्या ओळींत जादू आहे बघ.”

ते गेल्यावर खरात मॅडम खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी बसल्या. कालच्या गोष्टीबद्दल बोलतील असं मला वाटलं, पण त्यांचं डोकं भलतीकडेच होतं.

“नुसतं छापल्याने मशीन कसं काय सुरू होतं?”

“होतंय ना?”

“तसं नाही. कारण काय?” त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. “या ओळी तुम्ही घातल्या होत्या का?”

“हो. दोन वर्षांपूर्वी.”

“कशासाठी?”

“असंच एक मशीन अडकत होतं. कुठे अडकतंय ते बघायला घातल्या.”

“मग? काय सापडलं?”

इथेच माझं घोडं पेंड खात होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षं कुणालाही दिलेलं नव्हतं.

“काहीच नाही,” मी म्हणालो. “ओळी घातल्या आणि अडकायचं थांबलं.”

“आणि नोंदीत काय लिहिलंत?”

“दुरुस्त केलं, असं लिहिलं.”

त्यांनी शांतपणे मान हलवली. मी दोष शोधला नव्हता, त्याच्यावर पांघरूण घातलं होतं. त्याच ‘दुरुस्ती’बद्दल हळबे सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती आणि पुढच्या महिन्यात मला बढती मिळाली होती. सोमवारी केबिनमध्ये माझी स्मरणशक्ती का गेली होती, त्याचं कारण हे.

“म्हणजे ते दोन वर्षं तिथेच बसून होतं,” खरात मॅडम म्हणाल्या. “मी फक्त चादर बाजूला ओढली.”

“हो.”

“हे सरांना सांगाल?”

“सांगतो,” मी म्हणालो.

“आधी दोष शोधू या. नुसतं सांगून कुणाला पटेल?”

मला तेवढंच हवं होतं. सापडल्यावर सांगू, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि मला एकदम हलकं वाटलं.

पण सापडेल कसं? जिथे बघायला जावं तिथून तो दोष उठून जायचा. एक ओळ छापली की वीसदा सुरू केल्यावर एखाद्या वेळी अडके. दोन छापल्या की अजिबात नाही. काहीच छापलं नाही तर चार-पाचांत एकदा अडकेच, पण मग पडदा काळा आणि आत काय झालं ते कळायला मार्ग नाही. मंगळवारचा अख्खा दिवस आम्ही असाच काढला. संध्याकाळपर्यंत मी चिडून जास्मिनवर दोनदा खेकसलो होतो, आणि ती बिचारी फक्त आकडे वाचून दाखवत होती. मला काहीही सुचत नव्हतं. अशा वेळी माणसाला आपल्या शिक्षणाची लाज वाटते.

बुधवारी सकाळी खरात मॅडम आल्या त्या पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहूनच.

“छापायचंच नाही,” त्या म्हणाल्या. “आत नुसतं मोजायचं. कोणतं मॉड्यूल किती वेळा मागितलं गेलं, एवढे आकडे कोपऱ्यात ठेवून द्यायचे. मोजायला वेळ लागत नाही, त्यामुळे मशीनला कळणारही नाही आपण बघतोय ते.”

“पण अडकलं तर आकडे वाचणार कसे?”

“अडकलेल्या वेळचे कशाला? चार-पाचदा सुरू केलं तर तीन-चारदा तरी होतंच. तेव्हाचे वाचू. गर्दी तेव्हाही झालेली असणार, फक्त निभावून गेलेली असणार.”

दोन वर्षांपूर्वी मला हे सुचायला हवं होतं.

तासाभरात आम्ही ते केलं. मशीन दुसऱ्या खेपेला सुरू झालं आणि आकडे पडद्यावर आले. डिस्कचं मॉड्यूल, एक. नेटवर्कचं, दोन. आणि प्रोसेसरचा वेग सांभाळणारं एक बारकं मॉड्यूल होतं, त्याच्यासमोर शहाण्णव.

“हा आकडा ओळखीचा आहे,” जास्मिन म्हणाली.

झालं होतं ते असं. मशीन जागं होताना शहाण्णव प्रोसेसर एकदम जागे होत आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे तेच मॉड्यूल मागायला निघे. सगळ्यांत मिळून एकच पुरेसं होतं. पण पहिल्याने मागितलेलं आत येऊन बसायच्या आधीच बाकीचे पंचाण्णव निघालेले असत, आणि कर्नल प्रत्येकासाठी जागा अडवून ती फाइल पुन्हा वाचायला घेई. शेवटी कळे की हे तर आलेलंच आहे, मग ते पंचाण्णव फेकून देई. घरात दूध संपलंय म्हणून जो तो येताना पिशव्या घेऊन आला आणि फ्रीजमध्ये भाजीला जागा उरली नाही, तसलाच प्रकार. मॉड्यूलसाठी राखलेली जागा त्या काही क्षणांत भरून जायची. नेमकी त्याच वेळी डिस्कच्या मॉड्यूलची पाळी आली तर त्याला जागा मिळायची नाही आणि मशीन काळा पडदा दाखवत बसायचं.

माझ्या तीन ओळी ज्या तारेवरून बाहेर छापल्या जायच्या ती तार फार हळू होती. एक ओळ जाईपर्यंत बाकीच्यांना रांगेत उभं राहावं लागे. तेवढ्यात पहिलं मॉड्यूल बसून जाई आणि रांगेतल्यांना दारातच कळे की आता काम नाही. एवढीच ती जादू.

“आता दुरुस्त करायचं कसं?” मी विचारलं. विचारणारा मी आणि सांगणाऱ्या त्या, हे आपोआपच ठरून गेलं होतं.

“पहिला येईल त्याला आत सोडायचं,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. “त्याच कामासाठी दुसरा आला की सांगायचं, तुमच्यातला एकजण आत गेलाय, थांबा. त्याला जे उत्तर मिळेल तेच सगळ्यांना.”

“आणि पहिल्याला काही मिळालंच नाही तर?”

“तरी तसं बाहेर येऊन सांगायचं. नाहीतर बाकीचे बसतील वाट बघत.”

जेमतेम चाळीस ओळींचं काम होतं. संध्याकाळच्या आत झालं. गुरुवारी जास्मिनने त्या नव्या चाळीस ओळींसकट, काहीही न छापता, मशीन दोनशे वेळा सुरू केलं. एकही फुली पडली नाही. वेग सांभाळणाऱ्या मॉड्यूलसमोर आता शहाण्णवऐवजी एक हा आकडा होता. जास्मिनने एका पानाचा अहवाल केला. वर आधीचे आणि नंतरचे आकडे, आणि खाली तिने आपल्या मनाने एक वाक्य घातलं होतं: हा दोष दोन वर्षांपासूनचा आहे, खरात यांच्या बदलामुळे तो निर्माण झालेला नाही. अहवाल तिने सगळ्यांना दिसेल अशा फोल्डरमध्ये ठेवला.

हळबे सरांनी तो दोनदा वाचला.

“छान केलंत हो मॅडम,” ते म्हणाले. “अगदी मुळाशी गेलात. पण हे या मशीनमध्ये घालता येणार नाही. उद्या ते जायचं, आज कर्नलला कुणी हात लावू देणार नाही. ओळींवरच जाईल.”

“मशीनचं जाऊ द्या, सर,” खरात मॅडम म्हणाल्या. मग सावकाश म्हणाल्या, “हे सबनीस मॅडमपर्यंत पोचेल ना? मला थेट जाता येत नाही. प्रोबेशनवर असताना सगळं वरिष्ठांमार्फत, असं पत्रातच लिहिलंय.”

“पोचेल की. मी बोलतो.” सर माझ्याकडे वळले. “पराग, तूही बोल. ओळी तुझ्या होत्या.”

“हो, सर. बोलतो.”

त्या संध्याकाळी सबनीस मॅडम बाहेर होत्या. शुक्रवारी सकाळी मी अहवालाचा कागद छापून घेतला आणि त्यांच्या केबिनकडे निघालो. काय बोलायचं ते मी घरून ठरवून आलो होतो: मॅडम, सोमवारी मी खोटं बोललो. एवढं एक वाक्य तोंडातून काढलं की पुढचं आपोआप निघेल, असा माझा अंदाज होता.

केबिनच्या काचेतून मला हळबे सर दिसले. मॅडमच्या समोर उभे राहून ते हातवारे करत काही समजावत होते आणि मॅडम ऐकत होत्या. सर बोलतायत, मी मनात म्हटलं. आता आपण मध्ये कडमडायला नको. सर सगळं सांगतील, मग मॅडम मला बोलावतील, मग मी फक्त हो म्हणायचं. मला इतकं हायसं वाटलं की परत येताना मी चहा घेतला. कागद घडी घालून खिशात टाकला.

मला कुणी बोलावलं नाही.

दुपारी मशीन खाली नेलं. सहा हमाल लागले. माझ्या तीन ओळी त्याच्या पोटात होत्या. पाच वाजता सबनीस मॅडमनी खरात मॅडमना आत बोलावलं. त्या दोन मिनिटांत पाकीट घेऊन बाहेर आल्या. पाकीट त्यांनी उघडलं नाही. पेन्सिली, डबा, एक जाड स्वेटर, एवढं सगळं पिशवीत भरलं. जास्मिन रडवेली होऊन पडद्यात डोकं खुपसून बसली होती. हळबे सर त्यांच्या टेबलावर नव्हतेच.

“येते,” खरात मॅडम मला म्हणाल्या.

मी उठून उभा राहिलो. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा नुसता उभा राहिलो. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली जात होता आणि तो थांबेपर्यंत मी तसाच होतो. सरांनी इतकं सांगूनसुद्धा मॅडमनी ऐकलं नाही, असंच मी धरून चाललो होतो. सबनीस मॅडमचा मला भयंकर राग आला.

शनिवार कसाबसा काढला. रविवारी दुपारी चारला मी खिशातला तो कागद घेऊन वारज्याला खरात मॅडमच्या घरी गेलो. तिसरा मजला, दारावर नवऱ्याचं आणि त्यांचं, दोघांचं नाव. दार त्यांनीच उघडलं.

“या, पराग.”

आतल्या खोलीत त्यांची मुलगी मोठ्याने काही पाठ करत होती. मी खुर्चीच्या काठावर बसलो. पाण्याचा पेला हातात तसाच धरून मी ते वाक्य एकदाचं बोलून टाकलं.

“सोमवारी मी खोटं बोललो. तुम्ही मला विचारलं होतंत. मला सगळं आठवत होतं.”

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“माझी चूक होती. पहिल्यापासून माझीच.” मी खिशातून कागद काढला. “जास्मिनचा अहवाल आहे. तुमच्याजवळ असावा म्हणून आणला. तुमचा काही दोष नव्हता हे यात स्पष्ट लिहिलंय.”

त्यांनी कागद घेतला, उलगडला आणि जेवणाच्या टेबलापाशी गेल्या. तिथे फळांच्या टोपलीखाली दोन कागद दाबून ठेवलेले होते. माझा कागद त्यांनी त्यांच्यावर ठेवला.

“तुम्ही तिसरे,” त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

“काल दुपारी जास्मिन येऊन गेली. खूप रडली पोरगी. आज सकाळी नऊला हळबे सर आले होते. त्यांनीही हेच सांगितलं, तुमचा काही दोष नव्हता. आणि हाच कागद.”

मी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. घड्या वेगवेगळ्या, अक्षर न्‌ अक्षर एक.

“सबनीस मॅडमना कुणी दिला?” त्यांनी विचारलं.

“सरांनी दिला ना. शुक्रवारी सकाळी. मी स्वतः काचेतून पाहिलं, सर त्यांच्याशी बोलत होते.”

“ते ट्रकचं बोलायला गेले होते. मशीन दारातून निघत नव्हतं, चौकट काढायची का ते विचारायला.” खरात मॅडम माझ्यासमोर येऊन बसल्या. “माझं त्यांनी काही काढलंच नाही. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांच्या आधीच जाऊन बोललात. ओळी तुमच्या होत्या ना.”

“आणि जास्मिन?”

“ती म्हणाली, दोन मोठी माणसं बोलतायत, आपण कशाला मध्ये.”

आतलं पाठांतर थांबलं होतं. मला त्या खुर्चीत बसवेना आणि उठताही येईना. त्या ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

“मी उद्या जातो,” मी म्हणालो. “सकाळी पहिलं काम तेच.”

“जा,” त्या म्हणाल्या. “उपयोग होईल असं वाटत नाही. पण जा. त्या दोघांनाही मी हेच सांगितलं.”

मग त्यांनी विचारलं, “चहा ठेवू?” मी नको म्हटलं.

सोमवारी मी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन जिन्यात उभा राहिलो. साडेनऊला सबनीस मॅडम आल्या. त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये शिरलो आणि सगळं सांगितलं. चहाची गोष्ट, तीन ओळी, दोन वर्षांपूर्वीची ती नोंद, शहाण्णव मागण्या, सगळं. रात्री नव्याने छापून आणलेला कागद पुढे केला. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी कागद वाचला, सगळा नाही, फक्त खालचं वाक्य.

“त्यांच्या जागेवर घेतलेला माणूस दहा वाजता येतोय,” त्या म्हणाल्या. “शनिवारी त्याला पत्र दिलं. आता ते परत घेता येत नाही.”

“मॅडम, पण त्यांची काहीच चूक नव्हती.”

“ते आता कळलं.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शुक्रवारी पत्रावर सही मी चारपर्यंत केली नव्हती. मला त्या बाई बऱ्या वाटत होत्या. म्हटलं, तुम्ही तिघं सहा महिने त्यांच्या शेजारी बसलात. काही वेगळं असेल तर कुणीतरी येऊन सांगेल. कुणी आलं नाही, तेव्हा मी समजले की सगळ्यांना मान्य आहे.”

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

“तिघांची गरज नव्हती, पराग. एकजण आला असता तरी पुरलं असतं.”

मी जायला वळलो आणि दार उघडलं. दाराबाहेर हळबे सर उभे होते, दारावर टकटक करायला त्यांनी हात उचललेला होता. त्यांच्यामागे दोन पावलांवर जास्मिन होती. दोघांच्याही हातात तोच कागद होता.